वर असून गावाला गेलेले काका

आमच्या वरच्या खोलीत आता कॉलेजच्या दोन पोरी राहतात. गुणी आहेत, जाता-येता हाक मारतात, परवा तर माझ्या हातचं पिठलं मागून घेऊन गेल्या. पण जिन्यात चप्पल वाजली की माझे कान अजून वरच्या काकांचीच वाट बघतात. ते भिंतीला हात लावून, पायरी चाचपत उतरायचे आणि शेवटच्या पायरीवर थांबून विचारायचे, "अक्का, आज काही बंद पडलं का?"

"नाही पडलं," म्हटलं की चेहरा उतरायचा. "मिक्सर घरघरतोय," म्हटलं की खुलायचा.

काका आता इथं राहत नाहीत. खुशाल आहेत, काळजी नसावी. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण गल्लीत ते नाव कोणी वापरलंच नाही. वर राहतात म्हणून वरचे काका. वयानं माझ्याच बरोबरीचे, पण पोरं काका म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले, आणि ते मला अक्का म्हणायचे. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, मग काही वर्षं चितेगावला एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक लेक पुण्यात. खोली बघायला आले तेव्हा लोक विचारतात तसं पंख्याचं, उन्हाचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "गच्ची कोणाची?"

"माझीच की."

"तिथं मी काही लावलं तर चालंल का?"

मला वाटलं कढीपत्ता, गवती चहा. चालेल म्हटलं. थोड्या दिवसांत माझ्या गच्चीवर बांबू, तारा, पांढऱ्या डब्या आणि माझीच एक जुनी कढई उपडी, असा संसार उभा राहिला.

आणि गंमत बघा, या माणसाला उंचीची भीती. एका मजल्याची गच्ची, तिला कमरेएवढा कठडा, पण हे तिथं गेले की उभे राहायचे नाहीत. बसून सरकायचे. मी विचारलं, "अहो, मग टेलिफोनच्या खांबावर कसे चढत होता?"

"मी कुठं चढत होतो? मी खाली उभा राहून दुसऱ्याला चढवत होतो."

गच्चीवर काम काढलं की ते कमरेला दोरी बांधायचे आणि दुसरं टोक माझ्याकडं द्यायचे. मी जिन्याच्या तोंडाशी मेथी निवडत बसायची. दोन्ही हात कामात, म्हणून दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली.

"अक्का, धरलीय ना?"

"धरलीय."

"घट्ट?"

"घट्ट," मी देठ मोडत सांगायची.

माझं शिक्षण म्हणाल तर सातवी. पुढचं सगळं पेपर वाचून, रेडिओ ऐकून, लेकरांची पुस्तकं चाळून. कॉम्प्युटरचं जे काही मला कळतं ते त्या जिन्याच्या तोंडाशी बसून कळलेलं आहे, त्यामुळं जाणत्यांनी चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

त्या सुमाराला माझ्या नातवानं माझ्या मोबाईलवर ते एआय घालून दिलं होतं. मला तर नादच लागला. गुडघ्याला काय लावू, ढोकळा का बसला, काहीही विचारावं, लगेच उत्तर. मी कौतुकानं गच्चीवर काकांना दाखवायला गेले. त्यांनी बघितलं, मान हलवली, म्हणाले, "हुशार आहे. राहतं कुठं?"

"माझ्या मोबाईलमध्ये."

"नाही राहत. इंटरनेट बंद करा आणि विचारा बरं."

मी बंद केलं, विचारलं. ढोकळ्यावर चकार शब्द निघेना.

"बघा. ते दूर कुठंतरी राहतं, तुम्ही इथून हाक मारता. त्यानं उद्या दार लावलं तर?"

"लावंल कशाला?"

"अक्का, तुम्ही मला खोली दिलीय. तुमच्या मनात आलं तर काढाल, मला जावं लागंल. भाड्यानं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. आता सगळं जग अक्कल भाड्यानं घ्यायला निघालंय. खोली भाड्याची चालती. अक्कल आपल्या घरात पाहिजे, लहान का असंना."

"हे माझं कौतुक चाललंय का टोमणा?"

"दोन्ही," म्हणाले आणि सरकत कढईकडं गेले.

इंटरनेटला शिव्या देणारे ते नव्हते. उलट जुन्या इंटरनेटबद्दल असे बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे त्यांचं आजोळच. म्हणायचे, मुळात ते आपल्या गल्लीसारखं होतं. या घरातून त्या घरात निरोप. मधलं एखादं घर बंद असलं तर दुसऱ्या घरावरून. मग दोन-चार मोठे बंगले उभे राहिले आणि सगळ्यांचे निरोप त्यांच्याच दिवाणखान्यातून जायला लागले. आता ते बंगलेवाले निरोप वाचतात, आणि उत्तर काय द्यायचं तेही तेच सुचवतात.

"मग परत गल्लीसारखं होईल का?" मी विचारलं.

"जगाचं मला नाही सांगता येत. आपल्या गल्लीत करून बघू."

आता आमच्या शहराचं पाणी. इथल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यासाठी सांगते. नळाला पाणी रोज येत नाही. आठवडाभरानं येतं, कधी त्याहून उशिरा, आणि कोणत्या वेळेला येईल ते ब्रह्मदेवालाही कळवलेलं नसतं. माणसं लग्नाच्या तारखा पाण्यावर बघून ठरवतात, मी थट्टा करत नाही. आमचं घर गल्लीच्या अगदी शेवटी, त्यातून चढावर. गल्लीच्या तोंडाकडच्या घरांना पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, हवा सुटते, कळतं तरी. आमच्या टोकाला पाणी मुक्यानं येतं. खड्ड्यातली तोटी बारीक वाहते, आपण समोर बादली घेऊन उभे असलो तर आपलं, नाहीतर मातीचं. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या नसीमभाभी हवा सुटली की दारात येऊन ओरडायच्या, "पानी आया रेऽ!" आणि त्यांच्या आवाजावर आख्खी गल्ली उठायची.

काकांनी या कामाला डब्या बनवल्या. छावणीच्या बाजारातून काचा फुटलेले, बॅटरी मेलेले जुने मोबाईल आणायचे, त्यात इंटरनेटशिवाय चालणारं एक लहानसं एआय भरायचं आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवायचं. डबी खिडकीत, नळाच्या जवळ. तिनं नळाची हवा ऐकायची, शेजारच्या डबीला सांगायचं, तिनं पुढच्या डबीला. गच्चीवरच्या तारा आणि माझी कढई त्यासाठीच. बाहेरचं इंटरनेट नाही, कंपनी नाही. काही दिवस ऐकून ऐकून डब्या अंदाजही सांगायला लागल्या. परवा दुपारी येईल असं वाटतंय. चुकलं तर एकमेकींकडून दुरुस्त करून घ्यायच्या.

पण पहिली डबी बोलली ती अशी: "आपल्या परिसरात अल्पावधीतच पाणीपुरवठा सुरू होण्याची शक्यता आहे."

नसीमभाभींनी डोक्यावरून ओढणी सावरली. "ये कौन साब आए जी घर में?"

काकांनी कपाळाला हात लावला. ते भाषेचं यंत्र कोणीही घ्यावं असं खुलं ठेवलेलं होतं, म्हणून त्यांनी आणलं. पण ते शिकलेलं पुस्तकातून. म्हणाले, "त्याचा काय दोष? आपण बोलतो ते कुठं लिहिलंय? आता आपण त्याला शिकवलं नाही तर पुढं आपल्यालाच त्याच्यासारखं बोलावं लागंल."

झालं. दुपारच्या वेळी माझ्या ओसरीवर गहू निवडत बसायचं, बोलायचं, आणि काकांनी ते टेप करायचं. अट एकच, नटून बोलायचं नाही. मधल्या घरातली मंगल शाळेत शिकवते. ती पहिल्या दिवशी वक्तृत्व स्पर्धेसारखं बोलली.

काका म्हणाले, "मंगलताई, नळावर बोलता तसं बोला."

मंगल म्हणाली, "बोलू? बघा हं." आणि नळावर बादली कोणी पुढं सरकवली त्या दिवसाचं सगळं बोलली.

काकांनी मशीन बंद केलं. "एवढंही नको."

तरी त्यातलं बरंच डब्यांत गेलंच. मंगलची नणंद आणि तिचे मिस्टर पाहुणे आले होते, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, अगदी कडक इस्त्रीचे गृहस्थ. दुपारी घरात एकटेच पडले होते. खिडकीतून डबी बोलली, "अगं ये, झोपलीस का? हवा सुटली नळाला. ऊठ, नायतर बस बोंबलत!" मंगल शाळेतून आली तर हौद काठोकाठ आणि पाहुणे नखशिखांत ओले. "तुमच्या घरात कोण बाई आहेत त्या?" एवढंच त्यांनी विचारलं म्हणे.

माझी डबी तर मराठी बोलता बोलता मधेच भाभींसारखी बोलायची. आज पाणी येईल का विचारलं तर म्हणायची, "आज नक्को समजा अक्का."

मंगलला मात्र एक शंका होती, आणि ती खरी होती. "काका, ही घरात बसून दिवसभर ऐकती. उद्या आमच्या सासू-सुनेचं पलीकडच्या घरी जाऊन सांगितलं तर?"

काकांनी समजावलं. घरात बोललेलं घरच्या डबीतच राहतं, बाहेर जाते ती फक्त पाण्याची बातमी आणि पाण्याचा अंदाज. मंगलनं मान हलवली, पण पटलं नाही. तेव्हा नसीमभाभी म्हणाल्या, "बोलने से क्या होता जी? देखना पडता."

भाभींचा मटणाचा खलिया, म्हणजे नानसोबतचा रस्सा, सगळ्या छावणीत नावाजलेला. त्यात त्या एक काहीतरी घालतात, ते त्यांनी सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही. त्या घरी गेल्या, दार लावलं आणि ते गुपित आपल्या डबीच्या कानात सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाटीभर साखरेच्या निमित्तानं घरोघर फिरल्या. प्रत्येक घरात डबीसमोर उभं राहायचं आणि विचारायचं, "क्यूं गे, नसीमभाभी के खलिये में क्या पडता?"

मंगलची डबी म्हणाली, "ठाऊक नाय बाई." पलीकडच्यांची तेच. माझ्याकडं आल्या, विचारलं. माझी डबी म्हणाली, "ठाऊक नाय. पण वास लई भारी येतो."

भाभी माझ्याकडं वळल्या. "ये तुम बोले ना अक्का?"

"मीच. टेप करताना."

भाभी हसत हसत गल्लीत गेल्या आणि मोठ्यानं जाहीर केलं, "पास हो गई! रखो सब घर में!" त्या दिवसापासून डबी नको म्हणणारं एकही घर उरलं नाही. काका दिवसभर खुशीत होते. मला म्हणाले, मी चार वेळा समजावून जे झालं नाही ते भाभींनी साखर मागून केलं.

आता जरा जड भाग आहे, तो लवकर सांगून टाकते. एका सकाळी काका जिन्यात बसलेले सापडले. घामानं अंघोळ झालेली, ओठ पांढरे. मधुमेह जुना, रक्तातली साखर एकदम उतरली होती. गूळ चारला, रिक्षा बोलावली. दोन दिवसांत घरी आले, पण पुण्याहून लेक आली ती बाबांची बॅग भरायच्या तयारीनंच. गोड मुलगी. माझे हात धरून म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा त्यांना. जिन्यात पडले असते तर?"

मी तरी काय सांगणार? मला ते जायला नको होते, आणि ते इथं राहिले तर माझा डोळा लागणार नव्हता. माझंही वय काय दोरी धरायचं राहिलं होतं?

काका म्हणाले, "येईन. पण अगोदर एक बघायचंय."

"काय?"

"मी नसल्यावर हे चालतं का."

"बाबा, डब्यांसाठी जीव टांगणीला लावणार तुम्ही?"

"अगं, मी लोकांना सांगत होतो, मधे कोणी नको. आणि बघ, कोणाची डबी बोलेनाशी झाली की हाक कोणाला? मला. प्लग निघालाय, तरी मला. मोठे बंगले नको म्हणून मी स्वतःचा एक लहान बंगला बांधून बसलोय. मी गेलो आणि हे बंद पडलं तर काय केलं मी इतके दिवस? असं टाकून मी येणार नाही."

लेकीचे डोळे भरले. शेवटी मीच मधे पडले. ठरलं ते असं, की दिवाळीपर्यंत काकांनी बघायचं. चाललं तर दिवाळी झाल्यावर पुण्याला जायचं. तोवर दोन्ही वेळचं जेवण माझ्याकडं, आणि सकाळी उठल्याबरोबर जिन्याचं दार वाजवून मला आवाज द्यायचा. लेक गेली, पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, नाही चाललं तर ते इथंच राहतील. हट्टी आहेत."

दुसऱ्या दिवशी काकांनी ओसरीवर सगळ्यांना बोलावून सांगितलं, "मी गावाला गेलोय."

मंगल म्हणाली, "कधी?"

"आत्ता. म्हणजे मी वरच आहे, पण डबीच्या बाबतीत गावाला गेलोय असं समजा. कोणी विचारायचं नाही, मी सांगायचं नाही."

आणि खरंच तसे वागायला लागले. जेवायला खाली यायचे, हवापाण्यावर बोलायचे, छावणीत पेरू कसे आलेत ते बोलायचे. डबीचा विषय निघाला की मुक्यासारखे वरणात भात कालवायचे. मंगल मुद्दाम जिन्याखाली उभी राहून ओरडायची, "काकाऽ, गावाहून कधी येणार?"

वरून उत्तर यायचं, "अजून ठरलं नाही!"

पहिले काही आठवडे बरे गेले. मग आल्या महालक्ष्म्या, म्हणजे तुमच्याकडच्या गौरी. आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणजे माणूस जिथं असेल तिथून मूळ घरी जाणार. मंगल गंगापूरला, तिच्या पलीकडचे पैठणला, त्याच्या पलीकडचे आणखी कुठं. मधली सगळी घरं कुलूपबंद. आणि गावाला जाताना आमच्याकडं काय करतात? मेन स्विच बंद. तुळशीला पाणी, गॅसचा कॉक, मेन स्विच, मग कुलूप. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्यात कोणाला डबी आठवते?

माझ्याकडं महालक्ष्म्या इथंच असतात. सोळा भाज्या, पुरण, सवाष्णी, जेवायला घरभर माणसं, आणि हौदात तळाला पाणी. डबी म्हणाली होती, आज दुपारी येईल. मी निर्धास्त. दुपार गेली, चार वाजले, तोटी कोरडी. डबीला विचारलं तर म्हणाली, "काही ऐकू येईना अक्का."

संध्याकाळी नसीमभाभी महालक्ष्म्या बघायला आल्या. दरवर्षी येतात. मी म्हटलं, "भाभी, पाणी आलंच नाही बघा."

भाभी जागेवरच थांबल्या. "आया ना! दोपहर में आया, घंटाभर था. हमारी डब्बी बोली ना."

"मग तुम्ही हाक का नाही मारली?"

"मैं समझी डब्बी सबको बोली." त्यांनी गालावर हात मारून घेतला. "पहले मैं चिल्लाती थी. अब डब्बी बोलती करके चुप बैठी मैं."

मधली घरं अंधारात, मधल्या डब्या मेलेल्या. बातमी भाभींच्या दारातून पुढं निघाली आणि मंगलच्या कुलपाशी थांबली. डबी आली म्हणून भाभींचा आवाजही गेला. त्या दिवशी मी पाहुण्यांना पत्रावळीवर वाढलं आणि भाभींच्या हौदातून घागरी आणल्या. त्यांच्या दोन्ही सुना आणि त्या स्वतः घागरी पोचवायला आल्या, एवढं त्यांना वाईट वाटलं होतं.

काकांना कळायचं राहिलं नाही. ते त्या रात्री जेवले नाहीत. महालक्ष्म्या उठल्या, लोक गावाहून परतले, त्या सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन खाली उतरले.

"मी परत आलो," म्हणाले. "सगळ्या डब्यांना बॅटरी लावतो. लेकीला कळवा, जमायचं नाही."

गावाहून परतलेली मंगल माझ्या ओसरीवरच बसली होती, भाभीही होत्या. मंगल म्हणाली, "कोण आलं? मला तर कोणी दिसंना."

"मंगलताई, थट्टा नको. माझं चुकलं. घरं बंद असतील हा विचारच केला नाही मी."

"अहो, मेन स्विच आम्ही बंद केला, तुम्ही का चुकता? आणि हे बघा, बॅटरी लावाल तुम्ही. ती संपली की बदलायला कोण येणार? तुम्हीच. मग झालंच पुणं."

भाभी म्हणाल्या, "काका, तुम जाओ गाव. हम देखते."

बॅग न भरता माणूस परत गावाला, म्हणजे वर गेला. एवढं सहज ऐकताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग बायकांची बैठक बसली. मंगलच्या सासूबाईंनी पहिल्यांदाच सांगून टाकलं, मेन स्विच चालू ठेवून मी घराबाहेर पाय टाकणार नाही, घर जळालं तर? बाकीच्यांचंही तेच. त्यावर तासभर खल झाला. लाईट गेल्यावर आम्ही काय करतो, शेजारणीकडून भिंतीवरून वायर घेतो आणि फ्रीज चालवतो. भाभींना तेच सुचलं. म्हणाल्या, "अपना मेन बंद करके जाओ. डब्बी कू करंट मैं देती ना, दीवार पर से." मग मंगल म्हणाली, मी घरी असले की पुढच्या घराला मी देईन. जो गावाला जाईल त्याच्या डबीला उरलेल्या शेजाऱ्यानं करंट द्यायचा, जशी किल्ली ठेवतो, तुळशीचं सांगून जातो, तसंच हे. आणि एवढं करूनही भाभींनी दारातून ओरडायचंच. यावर सगळ्यांचं एकमत झालं.

तीन-चार दिवस गल्लीत नुसती ठोकाठोक. वायरी भिंतीवर बांधायला कोणाकडं काय, तर नायलॉनची दोरी, जुन्या साडीचे काठ. वरच्या खिडकीत काकांचं डोकं दिसायचं. त्यांच्या जिवाची नुसती तगमग. एकदा राहवलं नाही. "अहो, तो जोड उघडा—"

"काकाऽ, तुम्ही गावाला आहात!" खालून मंगल.

डोकं आत गेलं. पण अर्ध्या तासानं जिन्याच्या पायरीवर चिकटपट्टीचं एक भेंडोळं ठेवलेलं दिसलं. कोणी ठेवलं, आम्ही विचारलं नाही. जोड मात्र गुंडाळून घेतला.

दिवाळी आली. परत निम्मी गल्ली रिकामी. मंगल गंगापूरला गेली, जाताना माझ्याकडं किल्ली आणि भाभींकडं वायरचं टोक देऊन गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी काकांना फराळाला खाली बोलावलं. म्हटलं, गावाहून फराळाला आलात असं समजू. ते ओसरीवरच्या खुर्चीत बसले, हातात चकली. गोडाला मनाई होती. दोघांच्या मनात पुणं होतं, पण बोलत होतो आम्ही शेवेबद्दल. कारण मंगलच्या कुलपावर त्यांचा डोळा होता आणि माझाही.

तेवढ्यात खिडकीतून डबी बोलली, "अगं अक्का, पाणी आलं गं भाभीकडं! सोड ती चिवड्याची परात. झाकण काढ हौदाचं!"

मी उठले तशी धावले. दिवाळीला घरीच राहिलेल्या पलीकडच्या वहिनीही निघाल्या. गल्लीत एकदम जीव आला. "पाईप सरकव तिकडं!" "ही बादली कोणाची गं?" "माझी हाय, ठेव खाली!" लांबून भाभींचा आवाजही आला, उशिरानं, "पानी आया रेऽ!" खड्ड्यातली तोटी बारीक बारीक वाहायला लागली होती.

पहिली बादली हौदात ओतली तेव्हा मला काका आठवले. मागं वळून बघितलं. ते खुर्चीतून अर्धे उठलेले, एक हात खुर्चीच्या दांड्यावर, हाक येईल तिकडं जायच्या तयारीत. समोरून वहिनी दोनदा गेल्या. भाभी गल्लीच्या या टोकापर्यंत पाणी पोचलं का बघायला चालत आल्या.

"आया क्या अक्का?"

"आलं, आलं!"

"काका, दिवाली मुबारक," म्हणाल्या आणि आल्या तशा परत गेल्या. काहीच विचारलं नाही.

काका हळूच परत खुर्चीत टेकले. ताटलीतून आणखी एक चकली घेतली, मोडली, खाल्ली.

"अक्का," म्हणाले, "पुण्याला थंडी लई असती का हो?"

"असती की," मी म्हटलं. "मफलर घेऊन ठेवा." आणि तोटीखाली दुसरी बादली लावली.